बुजगावण्याची जर्सी

स्नेहसंमेलनाच्या सकाळी दत्तात्रेय सरांना जर्सी सापडेना. निडी गावाजवळच्या शाळेत सर भूगोल आणि पीटी शिकवत. त्याआधी ते भारताकडून रग्बी खेळले होते, पण गावात ते कुणाला खरंच वाटत नसे. लांबुडका चेंडू बगलेत मारून पळायचं, हा काय खेळ झाला? इथं खेळ म्हणजे कबड्डी. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "सर, इंडियाची जर्सी घालूनच या स्टेजवर. एकदाचा विषय मिटेल." आणि नेमकी तीच गायब.

"आये, माझी निळी जर्सी कुठं हाय?"

"बुजगावण्याला घातली," तांदूळ निवडता निवडता कृष्णाबाई म्हणाली. "वालात वानरं शिरत होती. घरच्या पुरुषाचा कपडा लागतो त्याला, माणसाचा वास असतो. तुझा बाप असता तर त्याचा सदरा घातला असता."

"भारताची जर्सी हाय गो ती."

"मग? तूच बोल्लास ना, कितीबी ओढली तरी फाटत नाय."

सर भर उन्हात शेतावर गेले. जर्सीचा निळा रंग उडाला होता आणि खांद्यावर कावळे शिटले होते. सरांनी ती काढली, घरी आणून धुतली, इस्त्री केली आणि संध्याकाळी घालून स्टेजवर गेले.

"हे आपले आंतरराष्ट्रीय खेळाडू," मुख्याध्यापक म्हणाले.

पुढच्याच रांगेतली एक पोरगी, सुरभी, उठली. "सर, ह्यांनी बुजगावण्याचा शर्ट घातलाय."

शाळेची वाट त्याच शेतावरून जाते, त्यामुळे सगळ्या पोरांनी तो शर्ट ओळखला. मंडप खदखदून हसला. पाहुण्यांनीही हसत हसतच सरांच्या हातात सत्काराचा नारळ दिला. मैदानात नाक फुटलं तेव्हा सर रडले नव्हते, पण आज घरी जाताना त्यांचे डोळे भरून आले.

घरी कृष्णाबाई उंबऱ्यात बसली होती. उघड्या बुजगावण्याला वानरांनी दिवसभर जुमानलं नव्हतं. अर्धा वाल साफ.

दुसऱ्या दिवशी शेजारचा कान्हू आला. "सर, जर्सी परत घाला त्याला. ती होती तवर वानरं माझ्यापण वालात येत नव्हती."

"तुला काय वाटतं, कान्हू? इंडियाची असेल ती?"

"असणारच. नायतर वानरं कशाला मानतील?"

एवढ्या वर्षांत सरांना मिळालेली ही पहिली दाद. त्यांनी जर्सी काठ्यांवर चढवली आणि पाठीवरचा नंबर वाटेकडे केला.

सोमवारी पोरं तिथून गेली, तेव्हा सर बाजूलाच वालाला पाणी देत होते.

"गुड मॉर्निंग, सर," पोरं एका सुरात बुजगावण्याला म्हणाली.