दोन पट्ट्यांची बाज

लटारी नाकेदार कोणाच्या घरी गेले, की माणसांच्या आधी बाजेची विचारपूस करत. घरधनी "या, बसा" म्हणेपर्यंत हे उकिडवे बसून बाजेच्या पायावर बोटाच्या पेरानं टकटक करत असायचे. मग कान लावायचे. मग मान हलवून, त्या बाजेवर जो कोणी म्हातारा बसलेला असेल त्याच्याकडे पहिल्यांदा बघायचे आणि अगदी मायेनं विचारायचे, "हे तुमच्या मागं कोनाले?"

प्रश्न तसा वाईट नव्हता, पण लटारीभाऊंना वेळकाळ कळत नसे. कोणी नातवाला मांडीवर घेऊन बसलेला असायचा, कोणी नुकताच तापातून उठलेला. माझ्या खोलीवर आले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, गावच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नागपूरहून नुकताच बदलून आलेला, आणि येत्या रविवारी मुलगी पाहायला जाणार होतो. माझी बाज टकटकवून ते म्हणाले, "साग हाय, पन कवळा. तुमच्या मागं कोनाले?" मी त्यांना दंडाला धरून दाराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, की त्या माणसाला पुन्हा कधी बाहेर काढायचं नाही. दवाखान्यात चार खाटा सरकारच्या आहेत आणि सहा बाजा त्यांच्या.

आमचा दवाखाना चांदा जिल्ह्याच्या पूर्वेला, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं त्या गावात. मी तिथं असतानाच आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. पाट्या बदलल्या, फॉर्म बदलले, लोखंडी खाटा मात्र चारच राहिल्या. बाजा येण्याआधी पाचव्या रोग्यानं ओसरीत पोत्यावर निजायचं. लटारीभाऊ जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे नाक्यावर राहून जंगल राखणारे. जन्मभर नोकरी करून घरी बसले होते. घर म्हणजे एक खोली. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. अशा माणसानं गावभर फिरून लोकांना त्यांच्या वारसांबद्दल विचारावं, याचं गावाला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा.

त्यांची युक्ती मात्र पक्की होती. आमच्या भागात मेलेल्या माणसाची बाज घरात ठेवत नसत. सुतळी कापून नाल्याकाठी नेऊन टाकत. चांगल्या सागाची, दोन पिढ्या टिकणारी बाज पावसात कुजत पडायची. लटारीभाऊंना माणूस गेल्याचं दुःख व्हायचंच, पण नाल्याकाठचा साग पाहून जीव कासावीस व्हायचा. जे टाकूनच देणार ते दवाखान्याला द्या, आणि आता, जितेपणी, आपल्या तोंडानं सांगून ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. म्हणायचे, "आता सांगून ठेवाल तं मागं कोनाले मांगा लागनार नाई."

कोणी हो म्हणालं, की मग सोहळा. नारळाच्या करवंटीत गेरू जवसाच्या तेलात कालवायचा. पळसाची मुळी ठेचून केलेल्या कुंचल्यानं बाजेच्या उजव्या पायाला गोल पट्टा ओढायचा, जंगलात तोडीच्या झाडाला ओढतात तसाच, केसभरही वाकडा नाही. जंगलात एकट्यानं खूण करायची नसते, म्हणून साक्षीदार लागत. देणारा स्वतः, त्याचा मुलगा आणि सून. सून असल्याशिवाय करवंटी पिशवीतून निघत नसे. "पोरगा विसरते, सून नाई विसरत," असा त्यांचा अनुभव होता. स्वतःला सून नसताना हा अनुभव कुठून आला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

दिवाळी झाली की ते पट्टे उजळायला निघत. गेरू वर्षात फिका पडतो, हे कारण. प्रत्यक्षात पट्टा पाच मिनिटांत व्हायचा आणि हे दोन तास बसून राहायचे. घरातली माणसं शेतावर गेलेली असत, म्हातारं एकटंच बाजेवर असे. कोणाचा गुडघा, कोणाची धाप, कोणाच्या डोळ्यांवर वाढलेला पडदा, सगळं ऐकून संध्याकाळी माझ्या खिडकीशी येऊन उभे राहत आणि मला औषधांची यादी सांगत. मी वैतागायचो. हा दवाखाना आहे, वाण्याचं दुकान नव्हे, असं एकदा म्हणालोही. त्यावर त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

बाजा येत, पण रोगी त्यांच्यावर निजायला तयार नसत. एक बाई ओसरीतून उठेचना. मेलेल्याच्या बाजेवर मी पाठ टेकणार नाही म्हणाली. लटारीभाऊ तिच्यापुढे उकिडवे बसले. "बाई, झाड मेल्याबिगर बाज होते का? साऱ्याच बाजा मेलेल्याच्या." बाई उठली आणि जाऊन बाजेवर पडली.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका कूपात, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलात, साग कोसळून एका गोंड लाकूडतोड्याच्या पायावर पडला. त्या झाडाला पट्टा लटारीभाऊंनीच ओढलेला. माणसाला चौघांनी दवाखान्यात आणलं तेव्हा खाटा भरलेल्या होत्या. तो ओसरीत जमिनीवर राहिला. पाय वाचला, पण ऐन हिवाळ्यातला गारठा छातीत भरला आणि माणूस गेला. लटारीभाऊ शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होते. नंतर ते डॉक्टरसाहेबांच्या पुढे उभे राहून एवढंच म्हणाले, "मरताना मानसाले खाली घेतेत, साहेब. हा तं जिता असल्यापासून खालीच व्हता."

त्या दिवसापासून दवाखान्यात कोणी खाली निजू नये, हा त्यांचा ध्यास झाला. आणि तो ध्यास एका दुपारी जवळजवळ संपला होता.

शेजारच्या गावात सोमाजी नावाचा म्हातारा होता. चाळीस वर्षं त्यानं कूपातून लाकडाच्या बैलगाड्या हाकलेल्या. लटारीभाऊंनी पट्टा मारायचा, तोड्यांनी तोडायचं आणि सोमाजीनं वाहून न्यायचं, अशी त्यांची जुनी ओळख. बाज देतो म्हणून त्यानं आदल्या महिन्यातच सांगितलेलं होतं. लटारीभाऊ गेले तेव्हा सोमाजीला थोडी कणकण होती आणि तो बाजेवर झोपला होता. मुलगा होता, सून होती. झोपलेल्या माणसाला उठवायला नको म्हणून लटारीभाऊंनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला, देणाऱ्याच्या साक्षीशिवाय पट्टा ओढला आणि पाय न वाजवता निघून आले.

सोमाजी जागा झाला, खाली पाहिलं, तो आपल्या पायाशी ओला गेरू. या माणसाच्या हातचा पट्टा पडलेलं झाड पुढचा पावसाळा पाहत नाही, हे त्यानं चाळीस वर्षं पाहिलेलं. पट्टा बाजेला आहे, आपल्याला नाही, हे त्याला दहा जणांनी सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण सोडलं.

चौथ्या दिवशी त्याची सून भागरता दवाखान्यात आली. भांडायलाच आली होती, पण बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "कंपोंडरभाऊ, तुमच्या नाकेदारानं माह्या मामाजीले पट्टा मारला. थे आता उठूनच नाई राह्यले. लहानपनापासून बाप नाई मले, त्याइनंच बापावानी केलं. पुसून द्या म्हना तो पट्टा." मामाजी म्हणजे सासरे. पट्टा तिनं राखेनं घासून पाहिला होता. जवसाच्या तेलातला गेरू सागात मुरला होता.

डॉक्टरसाहेब जाऊन आले. नाडी ठीक, छाती ठीक, ताप नाही. माणूस मात्र दिव्यातलं तेल संपावं तसा कमी होत होता. बातमी चार गावांत गेली. लटारीभाऊ गल्लीत दिसले, की बाया आधी बाज आत ओढत आणि मग दार लावत. ज्यांनी बाजा कबूल केल्या होत्या ते आपापले पट्टे विळ्यानं खरवडू लागले. गाव इतकं घाबरलेलं मी वाघ आला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर लटारीभाऊ तीन दिवस खोलीबाहेर पडले नाहीत. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. चौथ्या दिवशी सकाळी ते खिडकीशी आले. अंगात नोकरीतला खाकी कोट, डोक्याला पागोटं, हातात करवंटी. म्हणाले, चला, साक्षीदार लागते. मी निघालो.

सोमाजी तसाच भिंतीकडे तोंड करून पडला होता. लटारीभाऊ बाजेच्या पायाशी बसले, गेरू ढवळला आणि कामावरच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "माही चूक झाली, सोमाजी. तुह्या बाजेचं काम अर्धंच राह्यलं व्हतं. एक पट्टा तोडाच्या झाडाले. दोन पट्टे बियाच्या झाडाले. जंगल पुरं तोडत नसतेत, काई झाडं बियाले राखतेत. तू राखलेला होय." असं म्हणून त्यांनी पहिल्या पट्ट्याच्या वर दोन बोटं सोडून दुसरा पट्टा ओढला. केसभरही वाकडा नाही.

सोमाजीनं कूस बदलली. वाकून पट्ट्यांकडे पाहिलं, लटारीभाऊंकडे पाहिलं, आणि भागरताला म्हणाला, "पेज आन वो." भागरता चुलीकडे धावली. मी मूर्खासारखा डोळे पुसत उभा होतो.

पुढं जे झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्यांनी पट्टे खरवडले होते ते लटारीभाऊंच्या दारात रांग लावून उभे राहिले. सगळ्यांना दोनच पट्टे हवेत. दवाखान्यातल्या रोग्यांनाही दोन पट्ट्यांचीच बाज हवी, कारण ती राखलेल्या माणसाची. सोमाजीनं तर मरायची वाटही पाहिली नाही, स्वतःच्या बैलगाडीतून बाज आणून दवाखान्यात टाकली आणि घरी चटईवर निजू लागला. मी ते गाव सोडेपर्यंत बाजा अकरा झाल्या. ओसरीतली पोती आम्ही घडी करून माळ्यावर टाकली.

एकदा औषधाला आलेल्या जंगलखात्याच्या एका अधिकाऱ्याला मी सहज विचारलं. तो हसला. बियाची झाडं राखतात हे खरं, म्हणाला, पण दोन पट्टे? असा नियम त्यानं कधी ऐकला नव्हता. तो नियम लटारीभाऊंनी त्या तीन दिवसांत, दार लावून तयार केला होता. मी हे कोणाला सांगितलं नाही.

मग एका उन्हाळ्यात लटारीभाऊच आजारी पडले. पोटात गाठ होती, डॉक्टरसाहेबांच्या हातातलं काम नव्हतं. दवाखान्यात या म्हटलं तर येईनात. माझ्यापायी एक बाज अडेल, म्हणाले. शेवटी आले ते स्वतःची बाज घेऊन. चार जणांनी ती उचलून आणली आणि खिडकीशी टाकली. मी सहज पायाकडे पाहिलं. एकच पट्टा होता.

सोमाजी पाहायला आला. काठी टेकत, धापा टाकत, एवढं अंतर चालत आला. बाजेच्या पायाशी वाकून त्यानं तो एक पट्टा पाहिला आणि माझ्याकडे गेरू मागितला. लटारीभाऊ डोळे मिटूनच बोलले. "राहू दे. माह्या मागं कोन हाय? बी नसलेलं झाड राखत नसतेत."

सोमाजीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लटारीभाऊंच्या उशाशी पिशवी होती, तिच्यात करवंटी सापडली. मी थेंबभर तेल घातलं. तो जमिनीवर बसला आणि थरथरत्या हातानं कुंचला ओढू लागला. ओढता ओढता म्हणाला, "चाळीस वर्सं गाड्या हाकल्या म्या. दोन पट्ट्यांचं झाड कधी पाह्यलं नाई."

लटारीभाऊंनी डोळे उघडले.

"मले तवाच समजलं व्हतं," सोमाजी म्हणाला. "पन जलमभर खोटं न बोललेला मानूस कोट घालून माह्यासाठी खोटं बोलाले आला. मंग उठा लागलं." मग त्यानं काठीनं ओळीनं मांडलेल्या बाजा दाखवल्या. प्रत्येकीवर कोणी ना कोणी निजलं होतं. "अन् हे कोनी पेरलं? मागं कोन हाय म्हनते."

लटारीभाऊ मान वळवून त्या बाजांकडे पाहत राहिले. मग कष्टानं कुशीवर झाले, खाली वाकून आपल्या बाजेचा पाय पाहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"वाकडा झाला पट्टा," ते म्हणाले.

महिनाभरानं ते गेले. शेवटी त्यांना खाली घ्यायला हवं होतं, तशी रीतच आहे. सोमाजीनं घेऊ दिलं नाही. म्हणाला, या दवाखान्यात खाली कोणी निजत नाही.

पुढं वरून रंगाचे डबे आले आणि साऱ्या खाटा-बाजांना पांढरा रंग द्यायचा हुकूम आला. रंगाऱ्याला मी सगळं करू दिलं. खिडकीजवळच्या बाजेचा उजवा पाय तेवढा राहू द्या म्हणालो. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं, हे झाड बियाला राखलं आहे.