घारींचा मोसम आणि ऑलवेनचं आजारपण

“मी त्या संघाचा एक जरी सामना बघितला, तर माझं नाव इडवल प्यू नाही!”

कुमहेलिग रग्बी क्लबच्या अध्यक्षानं ही प्रतिज्ञा क्लबातल्या एकुलत्या एक टेबलावर उभं राहून केली. टेबल डुगडुगत होतं, अध्यक्ष मात्र ठाम होते! खाली बेचाळीस सभासदांनी ग्लास आपटून दाद दिली. आता इतकं संतापायला झालं तरी काय होतं? तर वेल्सच्या रग्बीतल्या बड्या मंडळींनी ठरवलं होतं, की केल्टिक लीगमध्ये आयरिश आणि स्कॉटिश संघांपुढे टिकायचं तर गावोगावचे क्लब पुरे पडणार नाहीत. दोन-दोन क्लब एकत्र करून मोठे संघ करा. ठीक! पण कुमहेलिगची गाठ त्यांनी कुणाशी बांधावी? पान्तग्विनशी!

ही दोन्ही गावं एकाच डोंगराच्या दोन बाजूंना. मधे अंतर अडीच मैलांचं आणि वैर एकशे दहा वर्षांचं. इडवलच्या वडिलांचा उजवा कान एका सामन्यात पान्तग्विनच्या माणसानं चावला होता. अर्धा कान घेऊन वडील चाळीस वर्षं चॅपलात पहिल्या बाकावर बसले, मुद्दाम उजवी बाजू गावाकडे करून. आणि आता त्याच पान्तग्विनच्या पोरांसोबत एकच जर्सी घालायची? संघाचं नाव म्हणे ‘घारी’! मैदान दोघांचंही नाही, वीस मैलांवरच्या अबरवेलिनमध्ये, समुद्राकाठी!

इडवलनं वही काढली. घारींचा सामना बघायला जाणार नाही, असं प्रत्येकानं सही करून लिहून द्यायचं. जाईल त्याचं नाव क्लबातून कमी. बेचाळिसातल्या एक्केचाळीस जणांनी सह्या केल्या. बेचाळिसावा होता गेथिन रॉसर.

“मी नाही सही करणार,” गेथिन म्हणाला. “पहिल्याच सामन्याला जाणार आहे मी.”

“गेथिन! कानाचं विसरलास?”

“कान तुझ्या बापाचा होता इडवल. चावणारा मेला, ज्याचा चावला तोही गेला. मला रग्बी बघायचीय रे.”

या गेथिनच्या खांद्यावर हात टाकून इडवल अकरा वर्षं स्क्रममध्ये वाकला होता. समोरच्या आठ रेड्यांचा रेटा या दोघांनी एकमेकांच्या मानेला मान लावून सोसला होता. इडवलच्या लग्नात अंगठी गेथिनच्याच खिशात होती. पण अध्यक्ष तो अध्यक्ष! इडवलनं पट्टी घेतली आणि गेथिनच्या नावावर दोन सरळ रेघा मारल्या. गेथिननं उरलेली बियर संपवली, टोपी घातली आणि निघून गेला. त्या दिवसापासून समोरून गेथिन आला की इडवल रस्ता ओलांडायचा. कुमहेलिगला रस्ता एकच, त्यामुळे दिवसातून चार-पाचदा ओलांडावा लागायचा.

हे झालं सप्टेंबरात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी इडवल नवा चष्मा आणायला अबरवेलिनला गेला. चष्मा घातला, दुकानाबाहेर आला, आणि टेकडीमागून आठ हजार माणसांची आरोळी ऐकू आली!

इडवलचे पाय थांबले. मनात म्हणाला, शत्रू किती वाईट खेळतो हे अध्यक्षाला ठाऊक नको? पाचच मिनिटं!

पाच मिनिटांनी तो स्टँडमध्ये उभा होता. दहा मिनिटांनी शेजारच्याचा खांदा धरून उड्या मारत होता. पस्तिसाव्या मिनिटाला घारींच्या एका सडपातळ पोरानं लाइमरिकच्या चार आयरिश धटिंगणांना गुंगारा देत कोपऱ्यात रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केली आणि इडवलनं घसा फाटेस्तोवर किंकाळी फोडली.

“कुठला हा पोरगा?” त्यानं शेजारच्याला विचारलं.

“पान्तग्विनचा.”

इडवल मटकन खाली बसला. चोरून दुसऱ्याच्या ताटातलं खाताना पकडलं जावं, तसं तोंड झालं त्याचं. नवा चष्मा काढून त्यानं खिशात घातला. मग अर्ध्या मिनिटात परत लावला, कारण स्क्रम लागला होता.

घरी पोहोचला तेव्हा आवाज बसलेला.

“चष्मा घ्यायला गेलास की ओरडायला?” मेन्नानं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

“ऑलवेन भेटली,” इडवलच्या तोंडातून निघून गेलं. का, ते देव जाणे!

“कोण ऑलवेन?”

“माझ्या वडिलांच्या आत्याची नात. आजारी आहे बिचारी. त्यात बहिरी! ओरडून ओरडून बोलावं लागतं.”

आमच्या खोऱ्यात कुणी कुणाची नातेवाईक निघाली तर नवल वाटत नाही. न निघाली तर वाटतं. मेन्नानं फक्त “अरेरे” म्हटलं आणि घशासाठी मध-लिंबू करून आणलं. ते मध-लिंबू पिताना इडवलला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की पुन्हा जायचं नाही असं त्यानं पक्कं ठरवलं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा गेला.

मग काय! घारींचा अबरवेलिनला सामना असला की ऑलवेनचं दुखणं उलटायचं. संघ जिंकला की इडवल शीळ घालत यायचा. “आज दोन घास जेवली,” म्हणायचा. संघ हरला की डोळे सुजलेले, “काही खरं नाही आता.” ग्लासगोकडून बेचाळीस गुणांनी हरले, तेव्हा तर चॅपलात ऑलवेनसाठी प्रार्थना झाली! संघ तीन आठवडे आयर्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा तिला हवापालटासाठी पाठवावं लागलं.

“दर दुसऱ्या शनिवारीच कसं बरं नसतं रे तिला?” पोस्टातल्या बेननबाईंनी एकदा तिकिटं फाडता फाडता विचारलं.

“रोगच तसा आहे बाई,” इडवल म्हणाला. “पंधरवड्याचा.”

बेननबाईंनी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी बेदाण्यांचा केक पाठवला. मग सगळ्या गल्लीनंच मनावर घेतलं. एकूण नऊ केक, चार बरण्या मुरांबा, लोकरी मोज्यांचे तीन जोड आणि एक जांभळी शाल! केक इडवल स्टँडमध्ये बसून खायचा, उरलेला पाहुण्या आयरिश मंडळींना वाटायचा. जानेवारीत समुद्रावरून असा काही वारा सुटला, की ऑलवेनची शालसुद्धा त्यानं गुडघ्यांवर घेतली. प्रत्येक घास घशात अडकायचा. पण अडकला तरी खाली उतरायचा, केक चांगलाच असायचा हो!

मार्चमध्ये गायकवृंदाचा एमरिस दारात आला. “इडवल, आम्ही वीस जण येतो. तिच्या खिडकीखाली उभं राहून दोन भजनं म्हणतो.”

“अरे ती बहिरी आहे!”

“आमचे खर्जातले सात आवाज तू ऐकलेत ना? कानांना नाही तर छातीला कळेल तिच्या!”

“आणि मी पण येते,” आतून मेन्ना म्हणाली. “सहा महिने झाले, एकदा तोंड बघायला नको?”

“संसर्ग आहे!” इडवल ओरडला.

“मग तुला कसा होत नाही?”

इडवलला त्या रात्री झोप आली नाही. शेवटी त्यानं कठोर निर्णय घेतला. एप्रिलच्या एका मंगळवारी, चहाच्या वेळी, ऑलवेन गेली.

सुटलो, असं त्याला वाटलं. हीच त्याची घोडचूक! साठ वर्षं या खोऱ्यात काढलेल्या माणसानं विसरू नये ती गोष्ट तो विसरला. कुमहेलिगची माणसं आजाऱ्याला एकवेळ एकटं सोडतील. मेलेल्याला कधीही नाही. अंत्ययात्रा म्हटलं की अख्खं गाव काळे कोट घालून हजर! जन्मभर पायाखाली तुडवलेल्या माणसाच्याही थडग्यावर चार सुरांत भजन म्हणणार.

“कधी आहे?” एमरिसनं विचारलं.

आणि सहा महिने ज्या तोंडाला एकच वळण लागलं होतं, ते तोंड मालकाला न विचारता बोलून गेलं, “शनिवारी. अडीच वाजता. अबरवेलिन.”

शनिवारी अडीचला एडिंबराशी मोसमातला शेवटचा सामना होता.

“पण खाजगी आहे रे!” इडवल घाईघाईनं म्हणाला.

एमरिस त्याच्याकडे बघतच राहिला. खाजगी अंत्ययात्रा! खाजगी पाऊस म्हटल्यासारखंच वाटलं त्याला. “दुःखानं डोकं फिरलंय तुझं,” तो मायेनं म्हणाला. “बसगाडी मी ठरवतो.”

शनिवारी बस निघाली. काळ्या कोटातले चाळीस पुरुष, काळ्या टोपीतली मेन्ना, आणि पुढच्या सीटवर, मांडीवर बैलगाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र घेतलेला इडवल. मागून खर्जातले सात आवाज तालीम करत होते. दर मैलाला इडवल मनात वाक्य जुळवत होता: ‘मित्रांनो, मला काही सांगायचंय.’ वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि कुणीतरी मागून खांद्यावर थोपटायचं: “धीर धर, इडवल!”

अबरवेलिन आलं. “कुठल्या चॅपलला?” ड्रायव्हरनं विचारलं.

इडवलला या गावात एकच रस्ता ठाऊक होता. “सरळ,” तो पुटपुटला. “आता डावीकडे. टेकडीला वळसा घाल...”

बस थांबली ती मैदानाच्या फाटकासमोर! फाटकावरचा ग्लिन हसत पुढे आला. “या या, इडवलकाका! आज सगळं गाव आणलंत? तुमची जागा ठेवलीय, ड रांग, चौदा नंबर...” मग त्याला पुष्पचक्र दिसलं. हसू मावळलं. “अरेरे! कोण गेलं हो?”

“यांची बहीण, ऑलवेन,” एमरिस थंड आवाजात म्हणाला. नजर मात्र इडवलवर. “सहा महिने आजारी होती म्हणतात.”

ग्लिनच्या डोळ्यांत पाणीच आलं. “आणि तरी या माणसानं इथला एक सामना चुकवला नाही! कुणाकडे बोलले नाहीत, नुसते ओरडायचे! दुःख गिळायला येत होते बिचारे. थांबा, मी आत सांगतो!” आणि गडी धावत सुटला.

बसमधल्या सगळ्या माना एकदम इडवलकडे वळल्या.

“इडवल,” मेन्ना म्हणाली, “ऑलवेनचं घर ड रांगेत आहे का रे?”

इडवल तोंड उघडणार, तोच चार स्वयंसेवक आले. अदबीनं त्यांनी सगळ्यांना हाताला धरून उतरवलं आणि बाजूच्या दारानं थेट मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलं. भोंगा घुमला: “ऑलवेन प्यू, आपल्या घारींची निष्ठावंत पाठीराखी, हिच्या स्मृतीसाठी एक मिनिट स्तब्धता!”

आठ हजार माणसं उभी राहिली. एडिंबराहून आलेल्या स्कॉट मंडळींनी टोप्या काढल्या. दोन्हीकडचे तीस खेळाडू माना खाली घालून उभे. साठ सेकंद! इडवलनं आयुष्यात पुष्कळ मार खाल्ला होता, बरगड्या मोडून घेतल्या होत्या. पण कधीच न जन्मलेल्या बाईसाठी आठ हजार माणसं टोप्या काढून उभी असलेली बघणं... बूट फाडून पायाची बोटं जमिनीत रुतावीत असं वाटलं त्याला. लपायला जागा म्हणून त्यानं तोंड पुष्पचक्रात घातलं. लोकांना वाटलं, रडतोय! सगळ्या स्टँडमधून हुंदका फुटला.

मिनिट संपलं. चाळीस काळे कोट ड रांगेत नेऊन बसवले गेले. आणि मागच्या रांगेतून एक जण उठून पुढे आला. गेथिन!

“मी ओळखायचो ऑलवेनला,” टोपी हातात घेऊन गेथिन सगळ्यांना म्हणाला. “मीच इडवलला इथे ओढून आणायचो. म्हटलं, आजाऱ्याजवळ बसून बसून माणूस खचतो, घटकाभर वारा लागू दे. रागवायचं तर माझ्यावर रागवा. माझं नाव तसंही वहीतून गेलंय.”

एमरिसचा चेहरा सैल झाला. मेन्नाच्या कपाळावरची आठी अर्धी उलगडली. चाळीस माणसं विश्वास ठेवायला तयारच होती. इडवलनं नुसतं गप्प बसायचं होतं.

त्याला गेथिनकडे बघवेना. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा मागच्याच रांगेत होता! केक खाताना, शाल पांघरताना, पान्तग्विनच्या पोरासाठी नाचताना, सगळं बघत होता, आणि गावात एका शब्दानं बोलला नव्हता. आणि आपण रस्ता ओलांडत होतो!

इडवल ताडकन उभा राहिला. “ऑलवेन नव्हतीच!” तो सगळा जीव एकवटून ओरडला. “गेथिन खोटं बोलतोय, माझ्यासाठी! मी शपथ मोडली, मी केक खाल्ले, मी तुमच्यासमोर—”

“खाली बस रे!” एमरिस खेकसला. “काही दिसत नाहीये!”

सामना सुरू झाला होता. स्कॉटांची पहिलीच चढाई घारींनी परतवली होती, आणि सह्या केलेले चाळीसच्या चाळीस जण बाकांवर उभे राहून बोंबलत होते. खर्जातले सात आवाज सगळ्यात पुढे! इडवलचा कबुलीजबाब त्या कल्लोळात वाहून गेला. ऐकला फक्त दोघांनी. मेन्नानं हातातल्या रुमालाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, आणि पर्स अशी काही मिटली की इडवलला पुढचे सहा महिने एका क्षणात दिसले.

गेथिन शेजारी येऊन बसला.

“ऐकलंस?” इडवलनं विचारलं.

“ऑक्टोबरपासून ऐकतोय. फार ओरडतोस तू.”

“गेथिन... मला माफ—”

“मध्यंतरात माग,” गेथिन मैदानावरची नजर न हलवता म्हणाला. “आता स्क्रम आहे.”

मध्यंतराला अजून छत्तीस मिनिटं होती. मांडीवर पुष्पचक्र आणि तोंडात माफी धरून इडवल बसून राहिला, आणि दर पाच मिनिटांनी पलीकडच्या रांगेतला एक जाडजूड स्कॉट वाकून त्याचा खांदा थोपटत होता, “होतं असं, बाबा. रडून घ्या.”