चाउडरची शेपूट डावीकडे हलते

गुरुवारी सकाळी साडेआठला वांडा झिलिन्स्कीच्या रिजवूडमधल्या घरी सात बायका आणि एक निवृत्त पोस्टमन टीव्हीसमोर बसले होते आणि कुणालाही बोलायची परवानगी नव्हती. वांडाने शाळेपुढच्या चौकात एकतीस वर्षं शिट्टी मारून ट्रक थांबवले होते. तिने नुसता हात वर केला तरी माणसं गप्प बसत. ही मंडळी म्हणजे 'टिलरी कोव्ह' या जुन्या मालिकेच्या चाहत्यांचं मंडळ, आणि वांडा त्याची अध्यक्ष. मालिका बंद पडून सव्वीस वर्षं झाली होती, पण मंडळाच्या लेखी ती जेवायला म्हणून उठली होती, आत्ता हात धुऊन परत येईल.

त्या मालिकेवर आता ब्रॉडवेवर संगीत नाटक येत होतं. उद्घाटनाला अजून तीन आठवडे होते. तोवर रोज तिकीट लावून प्रयोग करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यात कापाकापी करायची, ही तिथली रीत. त्यातलंच एक गाणं आज सकाळच्या कार्यक्रमात दाखवणार होते. मंडळ मुलाकडच्यांच्या तोऱ्यात बसलं होतं. मुलगी अजून बाहेर आली नव्हती, पण नाक नकटं असणार याबद्दल एकमत होतं.

वांडाचा जीव मात्र दुहेरी टांगला होता. तिचा मुलगा काझ, वय चौतीस, नऊ वर्षं हॉटेलात ताटं उचलत आणि मधल्या वेळात नाटकाच्या निवडीला रांगा लावत आला होता. त्याला या नाटकात काम मिळालं होतं. कोणतं, ते घरी सांगायलाही करारात बंदी होती. "गुरुवारी टीव्ही लाव मा, मी आहे त्यात," एवढंच तो म्हणाला होता. नऊ वर्षांत त्याने असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

गाणं सुरू झालं. दीपगृह आलं, धुकं आलं, जाळी ओढणारे कोळी आले. इथवर मंडळाने दात-ओठ खाऊन सहन केलं. मग चाउडर आला. चाउडर म्हणजे मालिकेतला दीपगृहाचा कुत्रा आणि मंडळाचं कुलदैवत. हा चाउडर कापडाचा आणि तारांचा होता. काळे कपडे घातलेला, तोंडावर काळी जाळी घेतलेला एक माणूस कमरेत वाकून त्याला चालवत होता. पोस्टमनने हातातला बेगल, कडं असावं तसा गोल पाव, बशीत ठेवला आणि परत उचलला नाही.

वांडाचं लक्ष कुत्र्यावर आणि काझवर आळीपाळीने होतं. काझ काही दिसेना. शेवटी तिला तो सापडला. डावीकडून तिसरा, दाढीवाला कोळी. डोलोरेस क्विगली, मंडळाची चिटणीस, म्हणाली की काझ याच्याहून हातभर उंच आहे. टीव्हीवर माणूस आखूड दिसतो, असं वांडाने तिला सुनावलं, आणि आईला लेक ओळखता येत नसेल तर चिटणीसाला कुठून येणार, असंही.

गाणं संपून हवामानाचा अंदाज लागायच्या आत वांडाची, म्हणजे अध्यक्षांची, प्रतिक्रिया मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकली. तिच्यात अकरा आक्षेप होते. पहिला आक्षेप दीपगृहाच्या रंगाला होता. चौथा असा: चौदाव्या भागात चाउडरची शेपूट बोटीच्या दारात सापडली, तेव्हापासून ती फक्त डावीकडे हलते, आणि इथे ती दोन्हीकडे हलताना दिसली. अकरावा सगळ्यांत जहाल होता. चाउडरच्या जागी खरा कुत्रा आणावा आणि जाळीआडच्या सद्गृहस्थांनी दुसरं एखादं प्रामाणिक काम बघावं. शेवटी, आपण एकांगी नाही हे दिसावं म्हणून, दाढीवाल्या कोळ्याची चार ओळी स्तुती होती.

दुपारपर्यंत ही प्रतिक्रिया चाळीस हजार लोकांनी पुढे पाठवली. नेब्रास्कातून एका बाईने शेपटीचा पुरावा म्हणून चौदाव्या भागातली चित्रं जोडली. 'खरा चाउडर हवा' असा निर्मात्यांना अर्ज निघाला; त्यावर शनिवारपर्यंत लाखभर सह्या झाल्या, आणि त्या दिवशी थिएटरच्या मागच्या दाराशी वीस माणसं आपापले कुत्रे घेऊन उभी राहिली. ओहायोतून दाढीवाल्या कोळ्याच्या आईने वांडाचे आभार मानले. ही कोण बया आपल्या मुलाची आई म्हणवते, असं वांडाला वाटलं, पण अर्जाच्या गडबडीत तिने ते मनावर घेतलं नाही.

रविवारी काझ जेवायला आला. त्याने पिरोगींना, आईच्या हातच्या उकडलेल्या करंज्यांना, हात लावला नाही.

"बघितलंस का गुरुवारी?" त्याने विचारलं.

"बघितलं म्हणजे? मंडळाला बोट करून दाखवलं. दाढी शोभते हं तुला."

"मला दाढी नव्हती, मा."

"मग होतास कुठं? एकेक तोंड तपासलं मी."

"मी कुत्रा होतो."

वांडाने वाढायचा चमचा खाली ठेवला. काझने सांगितलं, शांतपणेच, की निर्मात्यांनी अर्ज वाचलाय. येत्या बुधवारी दुपारच्या प्रयोगाला मर्फी नावाचा खरा कुत्रा उतरवून बघणार आहेत. जमलं तर कापडाचा चाउडर पेटीत आणि काझ पुन्हा ताटं उचलायला. तिने काय लिहिलं, कुणी लिहिलं, यावर तो चकार शब्द बोलला नाही. ते तिला जास्त लागलं. नऊ वर्षांत पोराला पहिली भाकरी मिळाली होती आणि तिने स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात माती कालवली होती.

तो गेल्यावर तिने दुसरी प्रतिक्रिया लिहिली. अकरावा आक्षेप मागे; नीट विचार करता कापडी चाउडर फार जिवंत वाटला, इत्यादी. लोकांनी तिला अर्ध्या तासात विकलं गेलेली ठरवलं. डोलोरेसचा फोन आला.

"किती दिले त्यांनी तुला?"

"डोलोरेस, तो जाळीवाला माझा काझ आहे."

"वाईट वाटतं गं," डोलोरेस म्हणाली. "पण चाउडर तो चाउडर." मग तिने मंडळाची तातडीची सभा बोलावली आणि वांडाला अध्यक्षपदावरून दूर केलं. विरोधात एकच मत पडलं, तेही पोस्टमनने चुकून हात वर केला म्हणून.

बुधवारी वांडा प्रयोगाला एकटी गेली. सहाव्या रांगेत, कडेची खुर्ची. तिने मनाशी पक्कं केलं होतं की आज टाळी नाही, हूं नाही, चूं नाही. प्रयोगानंतर काझला घरी नेऊन पोटभर खाऊ घालायचं, म्हणून येताना खाटकाकडून हातभर धुरावलेला किलबासा सॉसेज घेतला होता. तो पिशवीत होता आणि पिशवी पायाशी होती. लसूण जरा जास्त होता, हे शेजारच्या गृहस्थांनी दोनदा मान वळवून सुचवलं.

मर्फी आला आणि थिएटरने टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पहिल्या गाण्यात त्याने सगळं चोख केलं. दुसऱ्या गाण्यात दीपगृहाच्या रखवालदाराची लेक वादळात सापडलेल्या बापासाठी गात होती आणि मर्फीने तिच्या पायाशी बसून समुद्राकडे बघायचं होतं. समुद्र सहाव्या रांगेच्या दिशेने होता. मर्फीने बघितलं, नाक वर केलं, आणि वाद्यवृंदाच्या कडेने उडी मारून खाली आला. वांडाने कुजबुजत त्याला जा म्हटलं, मग हात वर केला. ट्रक थांबत असे, मर्फी थांबला नाही. लेकीचं गाणं संपेपर्यंत त्याचं डोकं पिशवीत होतं आणि बाराशे माणसं खुर्च्यांवर उभी राहून त्याच्या शेपटीला टाळ्या देत होती.

प्रयोगानंतर काझ मागच्या दाराशी उभा होता. "मा, खरं सांग. मुद्दाम आणलास?"

"तुझ्या जेवणाला आणला होता रे. आईच्या थडग्याची शपथ." त्याने पिशवीत डोकावून बघितलं. दोरी तेवढी उरली होती. मग तो हसायला लागला आणि थांबेना, आणि वांडा रडायला लागली आणि तीही थांबेना.

उडीचं चित्रण संध्याकाळपर्यंत देशभर पोचलं आणि पुढच्या महिन्याची तिकिटं संपली. आता मर्फीला काढणं शक्य नव्हतं आणि त्याच्यावर भरवसा ठेवणंही. शिवाय त्याच्या मालकिणीने करार पुढे केला: कुत्र्याला आठवड्याला पाचच प्रयोग. प्रयोग तर आठ होते. तेव्हा उरलेले तीन काझ करणार, असं ठरलं. बाहेरून आणलेले मांसाचे पदार्थ आत नेऊ नयेत, अशी पाटी दाराशी लागली. दाढीवाल्या कोळ्याला, प्रेक्षकांच्या आग्रहामुळे, एक वाक्य मिळालं.

पुढच्या बुधवारी दुपारी वांडा पुन्हा सहाव्या रांगेत होती. कार्यक्रमपत्रिका उघडली तशी त्यातून बोटभर पांढरी चिठ्ठी मांडीवर पडली. असली चिठ्ठी हातात आली की ठरलेला नट आज नाही म्हणून लोक चुकचुकतात. तिच्यावर छापलं होतं: 'आजच्या प्रयोगात चाउडरची भूमिका काझिमिर झिलिन्स्की करतील.' वांडाने ती तीनदा वाचली, पदरमोड करून घेतल्यासारखी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि मग शेजारणीचीही मागून घेतली.

शेजारी डोलोरेस होती. वैयक्तिक म्हणून आलेय, मंडळातर्फे नाही, हे तिने बसतानाच स्पष्ट केलं होतं.

चाउडर आला. दीपगृहाच्या पायरीवर चढला, लेकीचा आवाज ऐकून थांबला आणि त्याने शेपूट हलवली. डावीकडे. परत डावीकडे. उजवीकडे एकदाही नाही. त्या अख्ख्या प्रेक्षकांत याचा अर्थ कळणारी दोनच माणसं होती. डोलोरेसने वांडाचा दंड घट्ट धरला आणि मध्यंतरापर्यंत सोडला नाही.

मध्यंतरात वांडाने फोन काढला. अध्यक्षपद गेलं होतं, पण मंडळाच्या पानावर सभासद म्हणून लिहायचा हक्क शाबूत होता. तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि लिहिलं:

'आक्षेप क्रमांक चार मागे घेत आहे. बाकीचे नऊ कायम.'