ज्योत हालनी!

भर मे महिन्यात, नंदुरबारात, दुपारी चार वाजता खिडक्यांना गोधड्या लावून आणि पंखा बंद करून कथक शिकवणारी बाई जगात एकच असेल, आणि ती आमच्या शेजारी राहते. सुशीलाआक्का. वय अडुसष्ट, आवाज पंचविशीतला, तोही रागावलेला.

हा सगळा खटाटोप एका समईसाठी. समई जमिनीवर, मुली तिच्यासमोर. गिरकी घ्यायची, पण ज्योतीला कळता कामा नये. "ज्योत हालनी म्हंजे तू नाचनी नही, नुसता वारा घातला!" आक्कांचे वडील, आण्णा, असंच शिकवायचे. रेल्वेत तिकीटबाबू होते. सुरतेला एका गुरूंकडे कथक शिकले. बाप्या माणूस घुंगरू बांधतो म्हणून गाव हसलं. आण्णा दार लावून नाचत राहिले.

हिवाळ्यात निराळीच तऱ्हा. मिरची वाळवायच्या पथारीवरून वारा सुटला की अख्खा वर्ग शिंकतो. एकदा माझ्या रेवतीच्या शिंकेनं समईच विझली. आक्का कडाडल्या, "शिंक येऊ दे, पन समेवर!" मी म्हटलं, "आक्का, सरळ ट्यूबलाइट लावा ना." त्यांनी असं पाहिलं, की मी अर्धा चहा टाकून उठलो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांचे गुडघे तपासले आणि नाच कायमचा बंद केला. मी रेवतीला घेऊन भेटायला गेलो, तर आक्का पेटत्या समईजवळ खुर्चीत बसलेल्या.

"भाऊ, आण्णांचा नाचतानाचा एकबी फोटो नही," त्या म्हणाल्या. "मी नाचू तं मन्ही सावली भिंतवर पडस. थेट आण्णाच. आते आण्णा माले कोठे दिसतीन?"

मी रेवतीला म्हटलं, "नाच बेटा."

आमचं लेकरू गिरकीत कपाट धरणारं. ज्योत चांगली हेलकावली. मी बोलणी खायच्या तयारीत. पण आजवर वर्गात फक्त ज्योतीवर डोळा ठेवणाऱ्या आक्का पहिल्यांदाच भिंतीकडे पाहत होत्या.

"भाऊ, डावा हात दखा तिना! असाच उचलेत आण्णा!"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही. मग पदरानं नाक पुसून त्या दरडावल्या, "उद्यापासून रोज धाडा हिले. रविवारबी."