मिसरच्या राजाचं नाक

वऱ्हाडात कापूस गोळा करणारे ढिगानं सापडतील, पण इजिप्तच्या फुटक्या मूर्ती गोळा करणारा मी एकटाच! असं मी स्वतःच अख्ख्या अमरावतीला सांगून ठेवलं होतं. कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा लिलावात मी त्याच्याकडचं काळ्या दगडाचं मुंडकं घेतलं. हजारो वर्षांपूर्वीचा मिसरचा, म्हणजे इजिप्तचा राजा! नाक उडालेलं होतं, पण रुबाब शाबूत होता. नागपूरच्या अजब बंगल्याचे, म्हणजे तिथल्या म्युझियमचे साहेब ते पाहायला येणार होते. पसंत पडलं की ते तिथं मांडलं जाणार आणि खाली माझ्या नावाची पाटी लागणार! बस, मला तेवढंच हवं होतं.

पण आमच्या घरात मनकर्णाबाई आहेत. माझं कुटुंब.

"खंडित मूर्त घरात ठेवत नाईत!"

"अवं, देव नाई थो, राजा हाय! फुटका हाय म्हनूनच त्याले मान!"

"नकटा राजा! आन इकडं आपल्या पोरीले, शकुनले पाहाले रविवारी वरूडचे पाव्हने येऊन राहिले. नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं, ठावं नाई काय तुमाले?"

"नकटा राजा हाय, पोरगी नाई!" असं ओरडून मी पाटी करवून घ्यायला अकोल्याला गेलो.

'उत्तमराव' असं माझं नाव कोरलेली पाटी घेऊन परतलो आणि ओसरीवर पाहतो तर काय! राजाला नाक आलं होतं! लांब, बाकदार, शेंड्याशी जरा वाकडं. खाली भरघोस मिशा!

"देवीदास गवंड्याले बलावलं," बाई खुशीत म्हणाल्या. "चुन्यात गूळ-बेल घालून बसवलं. सात जन्म निघनार नाई!"

"आन मिशा काहून?"

"मसाला उरला व्हता. फेकून काहून द्याचा?"

"हे नाक कोनाचं हाय?"

"तुमचंच! त्याले नमुना नको काय?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मुंडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मुंडक्याकडे पाहिलं. मग अदबीनं टोपी काढून म्हणाले, "वडिलांचा पुतळा छान आहे. आता ती इजिप्तची मूर्ती दाखवा!"

लोकांची अब्रू नाक कापल्यानं जाते. माझी नाक लावल्यानं गेली! खरा प्रकार कळल्यावर साहेबांनी कपाळाला हात लावला आणि टांगा वळवायला सांगितला.

पाटी मात्र वाया गेली नाही. "पितळ हाय, पडून काहून ठेवाचं?" म्हणत बाईंनी ती मुंडक्याखालच्या चौरंगाला ठोकली. पाहुणे यायचे म्हणून राजाला झेंडूचा हारही घातला.

रविवारी वरूडचे केशवराव आले. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. ओसरीवर चढले, पाटीवरचं 'उत्तमराव' वाचलं, जोडे काढून मुंडक्याला हात जोडले. मग माझ्या नाकाकडे पाहत, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"तुमी पोरीचे काका काय? उत्तमराव कधी गेले?"