झडपेपाशी वास

एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी गॅसवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी गावाबाहेर नवी औद्योगिक वसाहत आखली गेली. मुलीची पाठवणी करून बाप घरी आला, तेव्हा घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. बायको आधीच गेलेली. म्हणून त्याने वसाहतीत पहारेकऱ्याची नोकरी धरली. चार माणसं येतील-जातील, दोन शब्द होतील, एवढीच अपेक्षा.

वसाहत म्हणजे तेव्हा एकशे बारा भूखंड, त्यांच्या कोपऱ्यांवर चुना फासलेले दगड, सरळसोट रस्ते आणि गुडघाभर गवत. मधोमध गॅसच्या नळाची मोठी झडप, तिला जाळी, आणि जाळीजवळ पहारेकऱ्याची खोली. पाच महिन्यांत त्याच्याशी बोलायला तिघे आले. तिघेही रस्ता चुकलेले.

कामाचा नियम सोपा होता. रोज सकाळी झडपेपाशी उभं राहून श्वास घ्यायचा आणि वहीत लिहायचं, 'वास नाही'. पुढे असंही होतं की, ज्याने वास आल्याची नोंद केली त्यानेच तो गेल्याची करायची. दुसऱ्याचं नाक चालणार नाही. अडचण एवढीच की सात वर्षांपूर्वी एका तापात पहारेकऱ्याचं नाक कामातून गेलं होतं. दूध करपलं तरी त्याला ते धुरावरून कळे. नोकरी देताना कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. नळ रिकामा होता तोवर 'वास नाही' हे खरंच होतं.

मग एका सोमवारी नळात गॅस सोडला. पहिलं गिऱ्हाईक बाटल्यांचा कारखाना. त्याची भट्टी गुरुवारी पेटायची होती. मंगळवारी इंजिनियर मोटारसायकलवरून आला आणि वही चाळू लागला.

"मामा, दीडशे दिवस नुसतं 'वास नाही, वास नाही'?"

"नव्हता, साहेब."

"वरचे विचारतायत, हा माणूस नाक लावतो की नुसतं पेन लावतो?"

नोकरी गेली तर पुन्हा ते रिकामं घर. पहारेकऱ्याने झडपेपाशी जाऊन डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"आज जरासा येतोय."

"कसला?"

"जसा यायला हवा तसा."

इंजिनियरने नाक पुढे केलं. त्याला काही आलं नाही. पण पहारेकऱ्याला कळतं ते आपल्याला कळू नये, हे बरं दिसेना. "हं," तो म्हणाला, "येतोय." त्याने मोठ्या साहेबांना बोलावलं. इंजिनियर म्हणतोय म्हटल्यावर त्यांनाही आला. साहेबांना आल्यावर बरोबरच्यांना यायलाच हवा होता. संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी वास आल्याच्या सह्या केल्या. गळती मोजायचं यंत्र शून्य दाखवत होतं, म्हणून ते दुरुस्तीला पाठवलं.

कारखान्याची जोडणी थांबली आणि नळ उकरून बघायला सहा खोदकामगार आले. त्यांनी पहारेकऱ्याच्या खोलीपलीकडे तंबू ठोकला, लांबवर चूल मांडली. तिच्यावर पहारेकरी सगळ्यांचं कालवण करी. दुपारी पत्त्यांचा डाव बसे. एक जण गाणी म्हणे, एक जण जेवताना मिठावरून पहारेकऱ्याला बोलून घेई.

"मामा, हे कालवण आहे की समुद्र?"

"तुझ्या बायकोला विचार, ती काय घालते."

"ती घालते कुठे, नुसती बोलते."

सगळे हसत. पहारेकऱ्याला वाटे, असं कुणी रोज बोलून घेतलं तर वर मीठही बिनतक्रार खाऊ.

रोज सकाळी इंजिनियर विचारी, "मामा, आज?" पहारेकरी तंबूकडे बघे. अंथरुणं अजून पसरलेली असत. "किंचित," तो म्हणे.

अकरा दिवस तो वास किंचित राहिला.

बाराव्या दिवशी बाटल्यांचा कारखानदार येऊन त्याच्या शेजारी दगडावर बसला. माणूस अर्धा झाला होता.

"मामा, खरं सांगा, अजून किती दिवस?"

"वासाचं काय सांगावं, शेठ."

"चाळीस कारागीर अडकून पडलेत माझे. सोमवारपर्यंत भट्टी पेटली नाही तर जातील दुसरीकडे. मग मी इथं गवत विकू का?"

"चाळीस?"

"बायकापोरं वेगळीच. त्यांच्या खोल्या इथंच बांधायच्यात, तुमच्या समोर."

पहारेकऱ्याने सहा माणसांकडे बघितलं, मग समोरच्या मोकळ्या जागेकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झडपेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला.

"गेला."

"नक्की?" इंजिनियरने हुंगलं. "हो, गेलाच." मग सगळ्यांचाच गेला. अर्ध्या तासात तंबू उतरला. मिठाला नावं ठेवणारा जाताना म्हणाला, "मामा, जपून राहा," आणि ट्रकमध्ये चढला.

सोमवारी भट्टी पेटली. पण नऊ सह्यांचा अहवाल वर पोचला होता. वरच्यांनी विचार केला की, ज्या वासाची गळती सापडत नाही तो सगळ्यांत धोक्याचा. म्हणून नवा नियम निघाला: झडपेपासून दोनशे पावलांच्या आत नेमलेल्या पहारेकऱ्याखेरीज कुणीही फिरकू नये. रस्त्यावर पांढरी रेघ मारली. दुरुस्त झालेलं यंत्र जाळीला कायमचं टांगलं. कारागिरांच्या खोल्या वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला बांधल्या. पहारेकऱ्याला तीक्ष्ण नाकाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आणि नोकरी कायम झाली.

त्याने एकदा रेघेपाशी जाऊन इंजिनियरला सांगून टाकलं, "साहेब, मला वास येतच नाही. सात वर्षं झाली."

इंजिनियरने मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "मामा, नऊ सह्या आहेत," तो म्हणाला. "हे पुन्हा बोलू नका." आणि मोटारसायकल वळवून गेला.

संध्याकाळी कारागिरांच्या बायका पांढऱ्या रेघेपर्यंत फिरायला येत आणि तिथून ओरडून विचारत, "मामा, जेवलात का?" तो हात वर करी. वारा उलटा असला की त्याला प्रश्न ऐकू येत नसे, तरी तो हात वर करी.

भट्टी पेटल्यानंतर चौथ्या वर्षी, थंडीत, एका बुधवारी सकाळी तो पहारेकरी हृदय बंद पडून वारला. वय एकसष्ट.