जटाशंकररावांची ऐसपैस गाडी

एका जंगलात, बाळांनो, रस्ता एकच होता, पण गाड्या बऱ्याच होत्या. रस्ता टेकडीपलीकडच्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत जाई आणि तिथेच संपे.

त्या जंगलात जटाशंकरराव नावाचं अस्वल राहत असे. घरात बायको मधुमालती, दोन पिल्लं आणि म्हातारी आई. आईचे गुडघे दुखत. वैद्यांनी सांगितलं होतं, की आठवड्यातून दोनदा कुंडात बसवा, नाहीतर थंडीनंतर त्या उठायच्या नाहीत. म्हणून जटाशंकरराव आईला पाठीवर घेऊन टेकडी चढत. मग त्यांचीही पाठ धरू लागली.

"गाडी घ्या आता," मधुमालती म्हणाली. "नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हा दोघांना मला न्यावं लागेल."

सर्पजितशेठ मुंगूस यांच्या दुकानात तेव्हा एक नवी गाडी आली होती. दुकानावर पाटी होती : 'लहान, आलिशान आणि साऱ्या कुटुंबासाठी.' एकच गाडी या तिन्ही गोष्टी एका वेळी कशी असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पडला असेल, तर तुम्ही अजून लहान आहात. मोठ्यांना तो पडत नाही.

गाडी घेण्याआधी तिच्यात स्वतः बसून बघणं, हे त्या जंगलात गावंढळपणाचं समजत. आधी तज्ज्ञांचा अभिप्राय वाचायचा. मग गाडीभोवती एक फेरी मारायची. दार दोनदा लावून त्याचा आवाज ऐकायचा आणि "वा!" म्हणायचं. एवढी पारख पुरे होई.

जंगलातल्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञ होत्या कुमुदिनीबाई चिचुंद्री. त्यांना फारसं दिसत नसे. त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जाई. त्यांनी या गाडीत मागच्या बाजूला बसून टेकडीपर्यंत फेरी मारली होती आणि पुढील अभिप्राय दिला होता :

"मागची जागा विलक्षण ऐसपैस. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदाच धावले, तरी दम लागला. पाय लांब करता येतात, शेपूटही. छताच्या काचेतून आकाश दिसतं, असं ऐकते. गाद्यांना नव्या कातड्याचा वास आहे. कुणाचं कातडं, ते विचारलं नाही. थोरामोठ्यांना घेऊन जाण्यास अत्यंत योग्य. पाचपैकी साडेचार पंजे."

अर्धा पंजा का कापला, ते लिहिलं नव्हतं. तज्ज्ञाला काहीतरी कापावंच लागतं.

जटाशंकररावांनी अभिप्राय दोनदा वाचला. 'थोरामोठ्यांना' या शब्दाखाली नखाने रेघ मारली आणि सगळ्यांना घेऊन ते दुकानात गेले. गाडीभोवती फेरी झाली. दार लावून झालं. "वा!" झालं.

आई म्हणाली, "जटू, मी जरा आत बसून बघते रे."

"आई, चारचौघांत असं काय करतेस?" जटाशंकरराव कुजबुजले.

सर्पजितशेठ हसले. "आईसाहेब, ही काय बैलगाडी आहे बसून बघायला? साडेचार पंजे आहेत हिला!"

आई गप्प बसली, म्हणजे उभीच राहिली.

गाडी घेतली. मधुमालतीने बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला. आणि मग ती मंडळी गाडीत बसू लागली.

जटाशंकरराव पुढे बसले, तेव्हा त्यांचे गुडघे कानांना लागले. पोट स्टिअरिंगवर टेकलं आणि प्रत्येक श्वासाला हॉर्न वाजू लागला. मागे आईचं डोकं आणि एक खांदा आत गेला. बाकीची आई बाहेर राहिली.

"श्वास सोडा सासूबाई," मधुमालती मागून ढकलत म्हणाली.

"सोडला तो मघाशीच. आता घ्यायचाय!"

"वरच्या काचेतून सोडून बघू या का आजीला?" धाकट्या पिल्लाने विचारलं.

"आधी तुझ्या बापाला तो भोंगा थांबवायला सांग," आई गाडीतून म्हणाली.

भोंगा थांबवायचा, तर जटाशंकररावांनी श्वास घेणं बंद करायला हवं होतं. ते कसेबसे उतरले, आईला ओढून बाहेर काढलं आणि दुकानात परत गेले. "शेठ, आमची आई मागे मावत नाही."

सर्पजितशेठनी अभिप्राय पुढे केला. "हे काय लिहिलंय? विलक्षण ऐसपैस. गाडीत तर दोष निघाला नाही. मातोश्रींना एकदा तपासून घ्या." मग त्यांनी एक कोरं पान दिलं. "आता तुम्ही मालक. पुढच्या गिऱ्हाइकांसाठी तुमचाही अभिप्राय लिहा."

जटाशंकरराव पान घेऊन विचार करू लागले. गाडी वाईट म्हणावी, तर सगळं जंगल विचारणार, "मग घेतलीत कशाला?" म्हणून त्यांनी पाच पंजे दिले. चिचुंद्रीपेक्षा अर्धा जास्त.

दुसऱ्या दिवशी गाडी झाडाखाली खोळ घालून उभी होती आणि जटाशंकरराव आईला पाठीवर घेऊन टेकडी चढत होते. समोरून धुंडिराजअण्णा गवा आले. त्यांच्या घरी वडील थकले होते, पोरं चार होती, आणि गाडी घेण्याचं मनात होतं.

"काय जटाशंकर, गाडी कशी आहे? खरं सांगा हं, आमच्या वडिलांसाठी विचारतोय."

जटाशंकररावांना धाप लागली होती. "उत्तम," ते म्हणाले. "मागे तर... फारच ऐसपैस."

"मग आईसाहेब पाठीवर कशा?"

जटाशंकरराव खाली बघू लागले.

शेवटी पाठीवरून आईच म्हणाली, "नवी आहे हो अजून. आणि माझे केस किती गळतात! गाद्या खराब व्हायच्या. म्हणून मीच म्हटलं, जटू, मला आपलं पाठीवरूनच ने." आणि थोडं थांबून तिने भर घातली, "दाराचा आवाज मात्र ऐकाच एकदा."

धुंडिराजअण्णा तिथूनच दुकानाकडे वळले. वाटेत त्यांच्या मनात आपल्या शिंगांचा विचार एकदा येऊन गेला. पण पाच पंजे म्हणजे पाच पंजे.

तात्पर्य : मुलांनो, वस्तू घेण्याआधी पारखू नये, तिच्यात खोट निघते. घेतल्यावर पारखावी, मग ती कधीच वाईट निघत नाही. फक्त आपली पाठ तेवढी शाबूत ठेवावी.